मोतीला गावी पाठवू का?

विक्रोळीतल्या एका जुन्या म्हाडा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंचं हे पत्र. वय ४७, पतसंस्थेत नोकरी. यजमान खासगी कंपनीत, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. २०२०च्या लॉकडाउनमध्ये नववीतला मुलगा घरात कोंडून गप्प गप्प राहू लागला, म्हणून ओळखीतून १८ हजारांना लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. "त्याचं सगळं मी करीन," असा मुलाचा शब्द होता. मुलगा आता पुण्याला इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर. कुत्रा (नाव बदलून मोती म्हणू या) सहाव्या वर्षात आहे, वजन ४१ किलो. मध्यंतरी तो मागचे पाय ओढू लागला. एक्स-रेत दोन्ही खुबे खराब निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, खर्च दीड लाखाच्या घरात. त्यातच इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. चार महिन्यांत घर रिकामं करायचं आहे, बिल्डर तीन वर्षं महिना २८ हजार भाडं देणार. "कुत्रा आहे" म्हटल्यावर तीन ब्रोकरनी फोन ठेवले. यजमान म्हणतात, घरातल्या माणसांच्या औषधांना पुरत नाही, कुत्र्यासाठी दीड लाख कुठून आणायचे? संगमेश्वर तालुक्यातल्या गावी मोठे दीर, जाऊबाई आणि सासूबाई असतात. ते म्हणतात, पाठवा इकडे, मोकळा राहील, राखणीला होईल. ताई विचारतात, "मोतीला गावी पाठवला तर आम्ही वाईट माणसं ठरू का?"

ताई,

वाईट की चांगलं हा निवाडा बाजूला ठेवू या. तो कुणीही, कसाही केला तरी मोतीच्या खुब्यांना आराम पडणार नाही आणि तुमचं घरही मिळणार नाही.

पत्रात तुम्ही पैशांबद्दल दीड पान लिहिलं आहे. पण मधेच, जाता जाता, एक ओळ आली आहे : "पहाटे पाचला आणि रात्री साडेदहाला त्याला खाली मीच नेते. चढताना आता पोटाखाली ओढणी घालून उचलावं लागतं, माझी कंबर धरते." माझं लक्ष त्या ओळीवर खिळलं. कुटुंबात तीन मोठी माणसं आणि ४१ किलोचा कुत्रा तीन जिने चढवणारी एकटी तुम्ही. तुम्ही थकला आहात. थकलेल्या माणसाला गावचा पर्याय सुटकेसारखा वाटतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो निर्णय थकव्याने घेतला की मोतीच्या भल्याने, एवढं स्वतःशी स्पष्ट असू द्या.

मुलाच्या शब्दाचा विषयही इथेच मिटवते. चौदा वर्षांच्या मुलाने दिलेला तो शब्द खरा होता. त्या वयात त्याला खरंच तसं वाटत असणार. पण लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. म्हणजे मोती म्हातारा होईल तेव्हा मुलगा पंचविशीत असेल, कदाचित दुसऱ्याच शहरात नोकरीला. नववीतलं मूल एवढ्या काळाचा शब्द देऊच शकत नाही, तो द्यावा लागतो आईवडिलांनी. कुत्रा घरात आला त्या दिवशी तुम्ही दोघांनी तो न बोलता दिला आणि निभावला मात्र एकीनेच. मुलावर रागावू नका. यजमानांशी मात्र बोलावं लागेल.

त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मुलाची फी, सासूबाईंची औषधं, शिफ्टिंगचा खर्च, हे सगळं खरं आहे. ज्या घरात महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला हिशेब करावा लागतो, तिथे कुत्र्यावर दीड लाख हा आकडा ऐकून माणूस बिथरणारच. "कुत्र्यांचे लाड हे श्रीमंतांचे चोचले" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तितकेच "पोटच्या पोरासाठी केलं असतंत ना?" असं विचारून समोरच्याला गप्प करणारेही आहेत. मला दोन्ही बोलणी निर्दय वाटतात. माझ्या मते, पाळलेल्या जनावराचं आपण नक्की देणं लागतो ते इतकं : वेळेवर खाणं-पाणी, रोजचं फिरणं, लसी, दुखणं कमी करणारे उपचार, आणि शेवटपर्यंत ओळखीची माणसं. सगळ्यांत महागडं ऑपरेशन कर्ज काढून करणं त्या देण्यात येत नाही. त्याला दुखत असताना काहीच न करणं मात्र चालणार नाही.

आता त्या दीड लाखाकडे नीट पाहू. मोतीच्या खुब्यांचा हा दोष लॅब्रॅडॉरमध्ये नेहमी आढळतो आणि तो बऱ्याच अंशी आईबापांकडून येतो. जास्त वजन, गुळगुळीत लाद्या आणि जिने यांनी तो वाढतो. नर लॅब्रॅडॉरचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. मोतीचं ४१ आहे. म्हणजे दुखऱ्या सांध्यांवर तो किमान पाच किलोचं जादा ओझं चोवीस तास वागवतो आहे. वजन उतरलं की अशा कुत्र्यांचं लंगडणं बरंच कमी होतं, आणि या उपचाराला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं, दुधाची साय, "एकच पोळी" हे सगळं बंद. मधे काही द्यायचंच तर काकडी, गाजर, उकडलेला लाल भोपळा द्या. कांदा-लसणाची आमटी किंवा रस्सा मुळीच नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी असतात, द्राक्षं आणि मनुकाही तशाच. जेवण वाटीने मोजून, दिवसातून दोनदा. दर पंधरा दिवसांनी वजन. खाणं कमी करूनही काटा हलला नाही तर रक्त तपासून थायरॉइड बघायला सांगा, लॅब्रॅडॉरमध्ये तीही एक शक्यता असते.

घरात लाद्यांवर रबरी चटया किंवा जुन्या सतरंज्या टाका, नखं कापलेली ठेवा. चेंडूमागे पळणं, सोफ्यावर उड्या हे थांबवा. एकदम लांब फेरी मारण्याऐवजी थोड्या थोड्या अंतराच्या तीन-चार फेऱ्या बऱ्या. दुखणं कमी करायची गोळी पशुवैद्यांनी दिलेलीच. घरातल्या औषधाच्या डब्यातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका, माणसांची ही औषधं कुत्र्यांच्या जिवावर बेततात.

मग ऑपरेशनबद्दल दुसरं मत घ्या. पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही, एवढ्या रकमेचा निर्णय असाच व्हायला हवा. एक्स-रेची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला ठाऊक असेलच. कागदोपत्री ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, १८८३ पासून मुंबईच्या जनावरांची सेवा करणारं धर्मादाय रुग्णालय. शेजारीच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेही १८८६ पासूनचं. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं आहे. रांग लागेल, अर्धा दिवस जाईल, पण जाऊन या. तिथे चार गोष्टी विचारा. नेमकं कोणतं ऑपरेशन? (हाडाचं टोक काढून टाकण्याचं आणि पूर्ण कृत्रिम सांधा बसवण्याचं, ही दोन अगदी वेगळी ऑपरेशनं आहेत, खर्चही वेगळा. पहिल्याचा गुण जड कुत्र्यांना हलक्या कुत्र्यांइतका येत नाही.) वजन सहा-सात किलोंनी उतरवून, औषधं देऊन तीन महिने थांबलो तर काय बिघडेल? एकाच बाजूचं केलं तर? ऑपरेशननंतर किती आठवडे त्याला जिन्यापासून दूर ठेवावं लागेल?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात, ऑपरेशननंतरची काळजी घेणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे आज, या घरात, ते करायची घाई कुणी केली तरी तुम्ही करू नका.

आणि ताई, इथेच तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला उलटं दिसतं. घर सोडावं लागतंय म्हणून मोतीला सोडावं लागेल, असं तुम्ही धरून चालला आहात. पण मोतीच्या पायांचा सगळ्यांत मोठा वैरी तुमचा तो जिना आहे. दिवसातून दोनदा तीन मजले उतरणं आणि चढणं, वर्षानुवर्षं. हे घर सुटतंय, तर त्याचा जिना सुटतोय. तुमच्या कमरेचाही. नवीन घर शोधताना तळमजला किंवा लिफ्ट एवढी एकच अट धरा. भाडेकरू तळमजला सहसा टाळतात, डास, ओल, खिडकीशी रहदारी. तुम्हाला मात्र तेच घर सोयीचं, आणि तिथे मालकही थोडे कमी आढेवेढे घेतात.

मालकांबद्दल कायदा काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं. कुठल्याही हाउसिंग सोसायटीला सभासदांच्या बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही की त्यासाठी जादा पैसे मागता येत नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणून "आमच्या सोसायटीत चालत नाही" हे ब्रोकरचं वाक्य शेवटचं मानू नका. घरमालकाची गोष्ट वेगळी. आपलं घर कुणाला द्यायचं हे तो ठरवू शकतो, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारात अटही घालू शकतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, त्याची भीती समजून घ्या. भिंती खरवडतील, वास येईल, शेजारी तक्रार करतील, हीच ती भीती असते. मग त्याच्यासमोर कागद ठेवा : रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना (तो मुंबईत दर वर्षी काढावाच लागतो, काढला नसेल तर आधी काढा), मोती भुंकत नाही असं तुमच्या आत्ताच्या शेजाऱ्यांनी लिहून दिलेलं पत्र. डिपॉझिट थोडं वाढवून देण्याची आणि घर सोडताना भिंतींना रंग लावून देण्याची तयारी दाखवा. कुत्रा लपवून घर मात्र घेऊ नका. अकरा महिने जीव मुठीत धरून राहाल आणि पावसाळ्यात एक दिवस सामान रस्त्यावर येईल.

तीन ब्रोकर म्हणजे मुंबई नव्हे. तुमच्याच इमारतीतली सगळी बिऱ्हाडं आत्ता घर शोधताहेत, त्यातही कुणाकडे मांजर-कुत्रा असेल. एकमेकांना नंबर द्या. मोतीला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा, कुत्रा असलेले भाडेकरू कुठे राहतात हे त्यांना नक्की ठाऊक असतं. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड, पलीकडे ऐरोलीपर्यंत जाळं टाका. ब्रोकरला पहिल्याच फोनला कुत्र्याचं सांगा, त्याचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचेल.

आता गावाचं.

दीर आणि जाऊबाई मनापासून म्हणताहेत, यात मला शंका नाही. गावात कुत्रं असंच असतं : अंगणात पडतं, उरलंसुरलं खातं, रात्री भुंकतं आणि खुशाल जगतं. पण ते कुत्रं तिथेच जन्मलेलं, हलकं, काटक असतं. मोती सहा वर्षं पंख्याखाली लादीवर झोपला आहे. त्याला साप म्हणजे काय ते माहीत नाही, आणि रत्नागिरीच्या कातळावर फुरसं सर्रास असतं. बिबट्याचंही तसंच. वस्तीजवळ येणाऱ्या बिबट्याच्या खाण्यात कुत्रे मोठ्या प्रमाणात असतात, आणि मागच्या पायांनी पळता न येणारा कुत्रा कसा वाचणार? पावसाळ्यात गोचिडांचा ताप. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुरांसाठी असतो, खुब्याच्या औषधांसाठी मोतीला कोण आणि कुठे नेणार? राखण तर लॅब्रॅडॉरला जमत नाही. चोरालाही तो शेपूट हलवत भेटेल.

खरं काय होईल ते मला दिसतं. पहिला आठवडा मोकळा, मग तो रस्त्यावर जातो किंवा कोंबड्यांमागे लागतो म्हणून पडवीत साखळीला. सासूबाईंच्या वयाला ४१ किलोचा कुत्रा फिरवणं झेपणार नाही, दिरांना शेतीतून सवड नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तर असं सांगतो की कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा क्रूरताच. तुमची माणसं क्रूर नाहीत. पण ज्या कामाची त्यांना कल्पना नाही ते त्यांच्यावर टाकलं तर दोन्ही बाजूंना त्रास होईल, आणि जावा-जावांमध्ये जे बोलणं साचेल ते वेगळंच.

माझं स्पष्ट मत : गावी पाठवू नका.

समजा, चार महिन्यांत सगळे प्रयत्न करूनही घर नाहीच मिळालं. तेव्हा मोतीला दुसरं घर शोधणं हा पर्याय उरतो, आणि तो नीट केला तर बेजबाबदारपणा ठरत नाही. मात्र त्याची तयारी दुसऱ्या महिन्यापासूनच हवी, शेवटच्या आठवड्यात नव्हे. त्याचं दुखणं, औषधं, खर्च सगळं खरं सांगा. ज्यांना तो आधीच माहीत आहे अशा माणसांपासून सुरुवात करा : तुमच्या ऑफिसातलं कुणी, मुलाचे मित्र, रोज सकाळी खाली भेटणारी कुत्र्यांवाली मंडळी. लिफ्ट किंवा तळमजला इथेही हवाच. आधी पंधरा दिवस राहून बघू दे. वर्षभर औषधांचा निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवा, आणि जमलं नाही तर परत आमच्याकडेच आणा, असं लिहून द्या. इंटरनेटवर "मोफत देणे आहे" अशी जाहिरात टाकून अनोळखी माणसाच्या हाती पट्टा देऊ नका. आणि नसबंदी झाली नसेल तर देण्याआधी करून घ्या. हा दोष पुढच्या पिल्लांत उतरतो, आणि जातिवंत नर पैदाशीसाठी मागणारे लोक भेटतातच.

पैशांची घडी तुम्ही पतसंस्थेत बसून लोकांना घालून देता, मी काय सांगणार? तरी एक सुचवते. मोतीच्या नावाने एक छोटी आवर्ती ठेव आजच उघडा, भले महिना दीड हजाराची का होईना. बिस्किटांचे, तयार खाऊचे वाचलेले पैसे तिच्यात जातील. बिल्डरकडून शिफ्टिंगचे पैसे मिळतील त्यातलं जे उरेल तेही तिथेच. कुत्र्यांचा विमाही मिळतो, पण आधीपासून असलेला आजार त्यात सहसा धरत नाहीत, म्हणून मोतीच्या खुब्यांसाठी त्यावर भिस्त ठेवू नका. मग एक आकडा ठरवा, तुम्ही आणि यजमान दोघांनी मिळून : मोतीसाठी वर्षाला आपण एवढे खर्च करू, त्याहून जास्तीचं ऑपरेशन करणार नाही. तो आकडा डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. चांगले डॉक्टर त्या मर्यादेत काय काय करता येईल ते सांगतात. ठरलेली मर्यादा असली की दर वेळी अपराधी वाटत नाही, आणि यजमानांनाही तळ नसलेल्या खर्चाची भीती राहत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचा ठराव होणार असेल, तर नवीन पिल्लू त्याआधी आणू नका, नव्या घरात गेल्यावर आणा. मुलाच्या हट्टासाठी आणत असाल तर मूल विशीत गेल्यावर पहाटे कोण उठणार, ते आधी ठरवा, आणि ज्याचं नाव निघेल त्याची मनापासून तयारी आहे का ते विचारा. पिल्लाची किंमत हा सगळ्यांत छोटा खर्च. लसी, जंताची आणि गोचिडाची औषधं, नसबंदी, खाणं आणि अचानक येणारं एक मोठं बिल मिळून काही महिन्यांतच ती किंमत मागे पडते. मोठ्या जातीचं पिल्लू विकत घेणार असाल तर आईबापांचे खुब्याचे एक्स-रे दाखवायला सांगा, टाळाटाळ झाली तर परत फिरा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. केसाळ हस्की किंवा चपट्या नाकाचा पग मुंबईच्या उकाड्यात आणायच्या आधी शंभरदा विचार करा. आपल्या रस्त्यांवरची देशी पिल्लं इथल्या हवेला सरावलेली असतात, आणि त्यांना घराची गरजही जास्त असते.

ताई, मुलगा पुढच्या सुट्टीत घरी येईल तेव्हा तिघं एकत्र बसा. तुमच्या कमरेबद्दल पहिल्यांदा बोला, मोतीबद्दल नंतर. रात्रीची फेरी यजमानांकडे द्या. नऊला घरी येणाऱ्या माणसाला साडेनऊला वीस मिनिटं चालणं अशक्य नाही, आणि त्यांच्या बीपीलाही ते चांगलं. मुलाने घराच्या जाहिराती शोधायच्या, मालकांना फोन करायचे, परवान्याची आणि लसींची फाइल सांभाळायची, महिन्यातून एक शनिवार-रविवार येऊन मोतीला न्हाऊ घालायचं, परळला न्यायचं. पुण्याहून एवढं जमतं. जाऊबाईंना फोन यजमानांनीच करावा. त्यांचे आभार मानून सांगावं की मोतीचा इलाज मुंबईतच आहे, म्हणून तो इथेच राहील. आणि दीड लाखाचं उत्तर त्या बैठकीत देऊ नका. वजन उतरू दे, दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघू दे, मग ठरवा.